ताटापाशी मशीन नको

श्रीकांत, तू गेल्याची बातमी आपल्या संस्थेच्या सगळ्या पालकांना तुझ्याच सहीने गेली.

मी तेव्हा तुमच्या घरी, नीलिमावहिनींच्या शेजारी जमिनीवर बसले होते. पिशवीत फोन वाजला. शाळेचा मेसेज होता म्हणून उघडला. ऑफिसातल्या बाबूने घाईघाईत टाइप केला होता, पण मजकूर बरोबर होता. संस्थेचे टेक्नॉलॉजी डायरेक्टर यांचं आकस्मिक निधन झालं आहे, उद्या सर्व शाळा बंद राहतील. आणि खाली, तू कधीकाळी बसवून ठेवल्याप्रमाणे, आपोआप उमटलेलं: 'भवदीय, श्रीकांत, टेक्नॉलॉजी डायरेक्टर.' मला हसू आलं. तू समोर चादरीखाली, आणि मी हसतेय. पदर तोंडावर धरला. बायकांना वाटलं हुंदका आहे. मग तो हुंदकाच झाला आणि थांबेना.

संध्याकाळपर्यंत त्या मेसेजला उत्तरंही आली. पीथमपूरच्या एका पालकाने लिहिलं, 'सर, आपको विनम्र श्रद्धांजलि. बच्चे की टीसी कब तक मिलेगी?' खरं सांगते, हे दोन्ही एकाच मेसेजमध्ये. तुला हे सांगायला मी फोन हातात घेतला होता. नंबर लावायच्या बेतात होते.

आता ही मी देवासच्या शाळेत, प्रिन्सिपॉलच्या म्हणजे माझ्या खोलीत बसून लिहितेय. बसून कसली, दर चार ओळींनी उठतेय. खिडकीपर्यंत जाते, टेकडीकडे बघते, परत येते. मुलांची मधली सुट्टी झाली, पाण्याच्या टाकीशी ढकलाढकली चाललीय, मी ओरडायला बाहेर जाते आणि न ओरडताच परत येते. शिपाई दोनदा विचारून गेला, 'मैडम, तबियत ठीक है?' तबियत ठीक आहे. संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांना आज शाळा सुटायच्या आत उत्तर द्यायचंय, तेवढंच ठीक नाही. तुझी खुर्ची त्यांनी मला देऊ केलीय. आणि खुर्चीबरोबर पहिलं काम: उदयनगरच्या मुलींच्या वसतिगृहात जेवणघराच्या दारावर चेहरा ओळखणारं मशीन कायमचं सुरू करणं. तेच मशीन, ज्याच्यावरून आपण वर्षभर भांडलो. भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलास. हा कुठला न्याय?

तू असतास तर हा लेख बघून कपाळाला हात लावला असतास. 'बाईसाहेब, हिंदीत लिही ना यार, एवढी मराठी वाचता वाचता माझा रिटायरमेंट होऊन जाईल.' धारच्या जुन्या मराठी घरातला मुलगा, आजोबा संस्थानच्या दफ्तरात, घरी सोवळ्यातल्या पूजेला 'आणावयाचे', 'ठेवावयाचे' असली भाषा, आणि चिरंजीव मराठी वाचायचे ते बोट ठेवून. माझे मेसेज तू मोठ्याने वाचायचास, आणि जोडाक्षर आलं की थांबून मला फोन करायचास. मी मुद्दाम अवघड शब्द घालायचे. आजही घालणार आहे. आता काय करशील?

सगळ्यात जास्त राग कशाचा आलाय माहीत आहे? तू गेलास आणि काहीच बंद पडलं नाही. शाळा उघडल्या त्या दिवशी घंटा वेळेवर झाली. हजेरी लागली. पीथमपूरच्या शाळेचा निकाल पालकांच्या फोनवर गेला. धारच्या प्रयोगशाळेत नवे संगणक यायचे होते ते आले आणि सुरूही झाले. सांत्वनाला आलेले आपले ट्रस्टी वहिनींना बाजूला घेऊन कुजबुजले, 'भाभीजी, वो पासवर्ड वगैरह कुछ...' वहिनी म्हणाल्या, 'ते तीन माणसांना आधीच सांगून ठेवलंय म्हणाले होते.' ठेवलं होतंसच. सगळं नीट लावून, वाटून, शिकवून ठेवलं होतंस. माणूस गेल्यावर काहीतरी तर अडलं पाहिजे! एखादा प्रिंटर तरी बिघडायचा! मी त्या दिवशी खोल्याखोल्यांतून नुसती फिरत होते, कुठे काही बंद आहे का बघत.

लोकांना तुझं काम काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नाच्या पंगतीत तुझ्या हातात फोन देऊन 'भिया, जरा ये देख लेना, गरम होता है' म्हणणारे तुला बरेच भेटायचे, आणि तूही जिलबी खाता खाता बघायचास. माझ्या शिक्षिकांना वाटायचं, तू वायर जोडणारा मोठा साहेब. मी एकदा तुला सरळ विचारलं होतं, तू नेमकं करतोस काय? तू म्हणालास, 'शाळेत काय येऊ द्यायचं नाही, ते बघतो. आणायला तर सगळेच बसलेत.'

आणि ते तू कसं बघायचास! दुसऱ्या कुठल्या संस्थेत असला प्रकार चालला नसता. कुठल्याही कंपनीचा माणूस काही विकायला आला की तू त्याला आधी चहा पाजायचास, आणि मग दिवसभर एका वर्गात शेवटच्या बाकावर बसवायचास. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत. डबाही मुलांबरोबर. 'बच्चों को देख लो पहले, फिर अपनी चीज़ दिखाना.' बिचारे टाय सैल करून बसायचे. काही मधल्या सुट्टीतच पळाले. एक जण माझ्या गणिताच्या तासाला झोपला, तेव्हा तू मलाच म्हणालास, 'आधी हा प्रॉब्लेम सोडव, मग स्मार्ट बोर्ड माग.' मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते.

हे तुझं जुनंच होतं. धारला आपल्या गल्लीच्या गणपतीत माईक तुझ्याकडे असायचा. कुणा पाहुण्याचं भाषण लांबलं की माईक बिघडायचा. तू वाकून वायर तपासायचास, चेहरा असा की जणू फार मोठा बिघाड झालाय, आणि आरती सुरू झाली की माईक दुरुस्त. आम्ही मुली ओढणीआड हसायचो. तुझ्या वडिलांना सगळं ठाऊक होतं. ते एकदाच म्हणाले, 'श्रीकांतास यंत्रापेक्षा माणसाची नाडी अधिक कळते.' पुढे तू पीथमपूरच्या कारखान्यात लागलास, तिथे माणसांच्या जागी यंत्रं उभी केलीस, ती उत्तम चालवलीस, आणि एक दिवस सोडून आमच्या शाळेत आलास. का सोडलंस ते मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. आता विचारायचं ठरवलं तर कुणाला विचारू?

एका गोष्टीचे आभार मात्र मानायचे राहिलेत, ते आज मानते. लॉकडाऊन उठला होता, कारखाने चालू झाले होते, शाळा मात्र बंदच. पीथमपूरच्या आपल्या मुलांच्या घरात फोन एकच, आणि तो बापाच्या खिशात, शिफ्टच्या बसमध्ये. आम्ही सगळे सकाळी क्लास घ्यायचो आणि निम्मे चेहरे गायब. मी वैतागून म्हटलं, या पालकांना मुलांच्या शिक्षणाची पडलेलीच नाही. मोटारसायकल काढलीस आणि बस थांब्यावर जाऊन उभा राहिलास. कोणाचा बाप कोणत्या पाळीला जातो ते विचारून घेतलंस आणि आमचं वेळापत्रक पाळ्यांप्रमाणे लावून दिलंस. बाप घरी तेव्हा वर्ग. मला एकच धडा दिवसातून तीनदा शिकवावा लागला. मी तुझ्या नावाने बोटं मोडली. आणि पडद्यावर एकेक चेहरा परत यायला लागला. कुणाच्या मागे बाप जेवताना दिसायचा, कुणाच्या मागे झोपलेला. त्यातली, तेव्हा बारावीत असलेली एक मुलगी आज माझ्याकडेच शिकवते. त्या वेळी मी तुला एवढंच म्हटलं, 'माझा घसा बसलाय.' तू खडीसाखर पाठवलीस. थँक यू, श्रीकांत. मी हा शब्द तुला आयुष्यात कधी म्हटला नव्हता, आणि आता म्हणूनही बरं वाटत नाहीये.

पण उदयनगरच्या बाबतीत मी बरोबर होते. आजही म्हणते.

गेल्या वर्षी आपल्या वसतिगृहातली एक मुलगी सकाळीच न सांगता मामाच्या गावी निघून गेली. आठवडी हाटाच्या जीपमध्ये बसली आणि गेली. दिवस मावळेपर्यंत कुणाला पत्ता नाही. जंगलातले रस्ते, फोनला रेंज नाही, आणि मी नि तू गाडी घेऊन गावोगाव विचारत फिरतोय. ती मामाच्या अंगणात शेळीला पाला घालत होती. मी तिला मिठी मारली आणि मग एक चापट मारली, आणि तू माझा हात धरलास. त्याच दिवशी परतताना मी म्हटलं, दारावर मशीन हवं. आत किती, बाहेर किती, कोण गेली, कोण आली, लगेच कळलं पाहिजे. चेहरा दाखवायचा आणि जायचं.

तू हो म्हणाला असतास. गेटवरच्या मशीनला तू हो म्हणायच्या बेतातच होतास, मला तुझा चेहरा कळतो. पण कंपनीने गेटबरोबर जेवणघराचंही जोडून दिलं, आणि सेक्रेटरी साहेबांना तेच जास्त आवडलं. जिचा चेहरा जुळेल तिचंच ताट. हिशेब स्वच्छ. तिथे तू अडलास तो अडलासच.

'ताटापाशी मशीन नको.' प्रत्येक मीटिंगमध्ये हे एकच वाक्य. कारण विचारलं की खांदे उडवायचास. मी म्हणायचे, अरे, मशीन चुकेल तशी बाईपण चुकते, आपली वॉर्डन काय कमी चुकते? तर तू म्हणालास, 'बाई चुकली तर तिच्याशी भांडता येतं. बाईसाहेब, तू समजून नाही राहिली. मशीनशी कोण भांडेल? ती पोरगी?' मी म्हटलं, भांडायला तू आहेस ना. तू म्हणालास, 'मी काय जन्मभर पुरणार आहे का?'

शेवटच्या मीटिंगलाही हेच. मी तुला भरल्या मीटिंगमध्ये अडाणी म्हटलं. आपल्या हट्टापायी तू गेटचंही घालवतोयस, उद्या एखादी मुलगी खरंच हरवली तर कोण जबाबदार, म्हटलं. तू फाइल मिटलीस. जिन्यात मला गाठून हसत म्हणालास, 'माझ्यानंतर ही खुर्ची तूच घे. तुला अडवायला कुणी नसेल.' मी म्हटलं, चल, फालतू बोलू नकोस, पोहे खायचेत का? पोहे खाल्ले. वर शेव जास्त घातलीस, मी बोलले त्यावरही. तेच शेवटचं. भांडण तसंच राहिलं, आणि मला अजून जिंकायचंय.

काल मी उदयनगरला गेले होते. सेक्रेटरी साहेब म्हणाले, 'मैडम, एक बार चलता हुआ देख लीजिए, फिर हाँ कहिए.' तुझ्या तेराव्याआधीच त्यांनी मशीन चाचणीसाठी लावून घेतलं होतं. थांबायला कुणाला वेळ आहे! कंपनीचा माणूस चांगला होता, तरुण, अदबीने बोलणारा. गेटवरचं मशीन मी पाहिलं. उत्तम चालतं. मुली हसत हसत चेहरा दाखवतात, आवाज होतो, नाव उमटतं. मला मनातून फार बरं वाटलं, हे तुला ऐकावंच लागेल.

मग जेवणाची घंटा झाली. मुली आपापली ताटं घेऊन रांगेत. हिरवा दिवा, पुढे. हिरवा दिवा, पुढे. भाजीचा वास सुटला होता, रांग भरभर सरकत होती, आणि मी मनात तुला म्हणत होते, बघ, भिया, बघ. तेवढ्यात झुनकी नावाची एक मुलगी आली. सातवीतली. आदल्या दिवशी लाकडं आणायला गेलेली असताना तिला मोहोळाच्या माश्या चावल्या होत्या. एक डोळा मिटलेला, गाल टम्म, ओठ सुजलेला. मागच्या मुली फिदीफिदी हसल्या. तीही हसली. तिने मशीनसमोर तोंड धरलं. लाल दिवा. परत धरलं. लाल. मशीनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, चेहरा ओळखता आला नाही.

झुनकी रडली नाही, मागितलं नाही, वॉर्डनकडे बघितलंसुद्धा नाही. ती रांगेतून बाजूला झाली, नळापाशी गेली, तिने तिचं कोरडं ताट धुतलं आणि धुतलेल्या ताटांच्या रॅकवर उभं ठेवून दिलं. जेवण झाल्यावर ताट धुवून ठेवायचं, हा तिथला नियम आहे. तिच्या मागची मुलगी पुढे सरकली. हिरवा दिवा.

मी कंपनीच्या माणसाला म्हटलं, हिचं काय? तो म्हणाला, 'मैडम, चिंता की बात नहीं. ऐसे केस में परमिशन का रास्ता रखा है. मशीन ने रिक्वेस्ट भेज दी है. उधर से हाँ आएगा तो तुरंत हरा हो जाएगा.'

'किधर से?'

त्याने फोनवर बघितलं. 'टेक्नॉलॉजी डायरेक्टर से, मैडम.'

श्रीकांत, तुझ्याकडे. त्या पोरीला जेवू घालायचं का, हे मशीन तुला विचारत होतं. तुझा फोन वहिनींच्या कपाटात, साड्यांखाली बंद. आणि इथे तो तरुण मुलगा पडद्याकडे बघत म्हणतोय, 'अभी पेंडिंग दिखा रहा है.' त्याला माहीत नव्हतं. ऑफिसने जे नाव दिलं ते त्याने घातलं. मी त्याला काय सांगू?

मी रॅकवरून ते ताट काढलं. स्वतः भाजी घेतली, पोळ्या घेतल्या, झुनकीला ओसरीत माझ्या शेजारी बसवलं. ताट तिच्यापुढे ठेवलं. 'खा, बेटा.' ती खाईना. मी परत म्हटलं. तिने मिटलेला डोळा चोळला आणि उरलेल्या डोळ्याने दाराकडे बघितलं. मशीनकडे. मी, शाळेची प्रिन्सिपॉल, शेजारी बसून जेव म्हणतेय, आणि ती पोरगी दिव्याकडे बघतेय. 'मशीन ने मना कर दी थी मैडम,' ती हळूच म्हणाली, 'बाद में डाँटेंगे तो नहीं?'

मी तिला पहिला घास भरवला. सुजलेल्या ओठाने तिला नीट चावता येत नव्हतं. मी भाजीतला बटाटा बोटाने कुस्करून दिला. अर्धी पोळी झाल्यावर ती आपल्या हाताने खाऊ लागली. कंपनीचा माणूस जवळ येऊन म्हणाला, 'मैडम, अब भी पेंडिंग है.'

रात्रभर आणि आज सकाळपासून नुसती येरझारा घालतेय. तू मला हे नीट का समजावलं नाहीस, म्हणून तुला शिव्या देतेय. तू नीटच सांगितलं होतंस, तरी देतेय. खांदे उडवले नसतेस तर काय बिघडलं असतं? एकदा मला गाडीत घालून त्या रांगेपाशी उभी केली असतीस. मला रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही, हे तुला गल्लीपासून ठाऊक होतं.

आत्ता शाळा सुटायला आलीय. मघाशी उठले ती सरळ ऑफिसात गेले आणि सेक्रेटरी साहेबांना फोन लावला. खुर्ची घेते म्हणाले. ते खूश झाले, 'तो मशीन शुरू?' म्हणाले. मी म्हटलं, गेटवर सुरू. जेवणघरातलं आज काढायचं, वाढणाऱ्या बाईने पोरीचं तोंड बघून वाढायचं, आणि हे मान्य नसेल तर दुसरा डायरेक्टर बघा. साहेब म्हणाले, 'आप भी उन्हीं की तरह ज़िद्दी हैं.' मी म्हटलं, ते माझ्यासारखे होते.

तर ताटापाशी मशीन नाही. तिथे तू जिंकलास. पण गेटवर आहे आणि राहणार, श्रीकांत. त्यावर मी तसूभरही हलणार नाही. तुला काय म्हणायचंय ते म्हण.